गॅदरिंगची डिस्क घरी का चालत नाही?

डिसेंबर-जानेवारी आला की सोलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात, गड्ड्याची जत्रा आणि शाळांची गॅदरिंग. जत्रेत मोबाइल काढून हवे तेवढे फोटो काढा, कोणी अडवत नाही. गॅदरिंगच्या पत्रिकेवर मात्र हल्ली खाली बारीक अक्षरात सूचना असते: पालकांनी चित्रीकरण करू नये, शाळेने नेमलेल्या फोटोग्राफरकडून व्हिडिओ मिळेल. तो मिळतोही. महिन्या-दोन महिन्यांनी, पैसे भरून, पातळ प्लास्टिकच्या डबीत एक डीव्हीडी हातात येते. ती घेऊन घरी आलं की लक्षात येतं, ही घालायची कशात? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, टीव्हीला फक्त यूएसबीचं भोक आहे, आणि माळ्यावरचा जुना प्लेअर काढून पुसून लावला तर तो 'नो डिस्क' म्हणून मोकळा होतो.

त्यात बातम्या वेगळ्याच. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत घरी रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. सॅमसंगनं तर २०१९ मध्येच अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणं बंद केलं होतं. मग लोक विचारतात, डिस्कचं युग संपलं म्हणता, तर शाळा अजून डिस्क का देते? ही ब्लू-रे नेमकी काय होती? आणि मधे एचडी डीव्हीडी नावाचं काहीतरी ऐकलं होतं, ते कुठं गेलं?

उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. डिस्क कोणत्या पद्धतीची असावी आणि तिला कुलूप कोणतं लावावं, हे ज्याच्या ताब्यात व्हिडिओ आहे तो ठरवतो. ती पाहणाऱ्याला कोणी विचारत नाही. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीवरून जपानी कंपन्यांचं जे भांडण झालं त्यात हेच झालं, शाळेच्या गेटवरही हेच होतं.

आधी डिस्कवर असतं काय ते पाहू

सोलापूरकराला हे सांगणं सोपं आहे, कारण जकार्ड आपण पाहिलेला असतो. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी जकार्डच्या पुठ्ठ्यांवर पाडलेल्या भोकांवरून उठते. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. मागाला मोर माहीत नसतो, त्याला फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं.

डिस्कचं तसंच आहे. चकचकीत थरावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते आणि त्या रेघेवर अतिसूक्ष्म खड्डे असतात. प्लेअरमधला लेसर त्यावर प्रकाश टाकतो. खड्डा आणि सपाट भाग यांच्यावरून प्रकाश वेगवेगळा परततो, आणि त्या फरकाचे शून्य आणि एक बनतात. त्या शून्य-एकांचं पुढे चित्र होतं, आवाज होतो.

आता पुठ्ठ्यावरची भोकं एका मागाच्या मापाची असतील आणि तुमच्याकडे दुसऱ्या मापाचा माग असेल, तर पुठ्ठा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. खड्डे केवढे, रेघांमधलं अंतर किती, कोणता शून्य-एक कशानंतर येणार आणि त्याचा अर्थ काय, याच्या ठरलेल्या कोष्टकाला फॉरमॅट म्हणतात. यापुढे या लेखात फॉरमॅट म्हटलं की एवढंच समजायचं.

फोटोग्राफर देतो त्या डिस्कवर मात्र खरे खड्डे नसतात. दुकानातून सिनेमाची डीव्हीडी आणली तर ती साच्यात दाबून काढलेली असते आणि तिची खालची बाजू चांदीसारखी दिसते. गॅदरिंगची डीव्हीडी उलटी करून खिडकीशी धरा. ती जांभळट दिसेल. तो एका रसायनाचा थर आहे. कॉम्प्युटरचा लेसर त्यावर डाग पाडतो आणि प्लेअर ते डाग खड्ड्यांसारखे वाचतो. प्रकाशाकडे तिरकी धरली तर आतल्या बाजूचा लिहिलेला भाग आणि बाहेरचा कोरा भाग यांच्यामध्ये एक पुसट कडाही दिसते. किती डिस्क भरली आहे ते त्यावरून नुसत्या डोळ्यांनी कळतं.

हा जांभळा थर उन्हाला आणि उष्णतेला नाजूक असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढं जातो, आणि पत्र्याच्या खोलीतलं कपाट दुपारी किती तापतं हे सांगायला नको. टीव्हीवर उभ्या करून ठेवलेल्या लग्नाच्या डीव्हीडी दहा वर्षांनी अडखळतात, त्याचं एक कारण हे.

लाल किरणाऐवजी निळा

सीडी १९८२ मध्ये आली. तिच्यातला लेसर डोळ्याला न दिसणारा, अवरक्त होता. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर आणि रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा.) त्यानंतर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली. तिला लाल लेसर लागतो, ६५० नॅनोमीटरचा. रेघांमधलं अंतर पाऊण मायक्रॉनच्या आसपास आलं आणि सातशे एमबीच्या जागी एका थरात ४.७ जीबी मावायला लागले. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक, तितके खड्डे लहान, तितका माल जास्त. डिस्कच्या सगळ्या प्रगतीचं गणित एवढंच आहे. बाहेरचं माप बदललंच नाही: सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, सगळ्या बारा सेंटिमीटरच्या.

पुढची पायरी निळ्या-जांभळ्या लेसरची, ४०५ नॅनोमीटरची. ती गाठायला वेळ लागला, कारण निळा प्रकाश देणारा टिकाऊ अर्धवाहक (सेमिकंडक्टर) बनवणं फार अवघड होतं. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा लेसरही त्याच वाटेवर पुढं सापडला.

तोवर टीव्ही मोठे आणि सपाट झाले होते. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. नव्या टीव्हीला १९२० बाय १०८० लागत होतं. एवढा सिनेमा ४.७ जीबीत चांगला बसत नव्हता. नवी डिस्क लागणार हे सगळ्यांना दिसत होतं, प्रश्न होता कोणाची.

दोन छावण्या

याआधीही भांडण झालं होतं. व्हिडिओ कॅसेटमध्ये सोनीची बेटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस त्यानंतरच्या वर्षीची. सुरुवातीची बेटामॅक्स तासाभराची होती, व्हीएचएस दोन तासांची, म्हणजे अख्खा सिनेमा एका कॅसेटमध्ये. पुढं काय झालं ते ठाऊकच आहे: आपल्याकडे भाड्यानं व्हीसीआर आणून गल्लीभर पाहिलेले सिनेमे व्हीएचएसवरच होते.

डीव्हीडीच्या वेळीही तेच होणार होतं. एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि तिचे साथीदार, दोघांच्या डिस्क वेगळ्या. तेव्हा आयबीएमच्या पुढाकारानं कॉम्प्युटर कंपन्यांनी सांगितलं की आम्ही दोन फॉरमॅट घेणार नाही, एकच ठरवून या. मोठं गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून १९९५ मध्ये समझोता झाला. डीव्हीडी एकच राहिली, ती या अडून बसण्यामुळे.

निळ्या डिस्कच्या वेळी असं दटावणारं कोणी उरलं नाही. २००२ मध्ये सोनी, पॅनासॉनिकची मूळ कंपनी मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग, एलजी वगैरे नऊ कंपन्यांनी ब्लू-रे जाहीर केली. तोशिबानं एनईसीला घेऊन एचडी डीव्हीडी मांडली. लेसर दोघांचा तोच, निळा-जांभळा. फरक होता तो माहितीचा थर डिस्कच्या पृष्ठभागापासून किती खोल ठेवायचा याचा.

एचडी डीव्हीडीनं तो थर डीव्हीडीइतकाच, ०.६ मिलिमीटर आत ठेवला. त्यामुळे डीव्हीडीचे कारखाने थोड्या बदलात वापरता येत होते आणि डिस्क स्वस्त पडत होती. पण खोल थरावर ठिपका तितका बारीक करता येत नाही, म्हणून एका थरात १५ जीबीच मावले. ब्लू-रेनं थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणला. ठिपका बारीक झाला, एका थरात २५ जीबी बसले. बदल्यात नवे कारखाने हवे होते, आणि ओरखड्याची भीती अशी की सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क प्लास्टिकच्या खोक्यात बंद करून येत. मग टीडीकेनं वरून चढवायचा कडक लेप काढला आणि खोकं गेलं.

एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. म्हणजे दुप्पट. आणि चित्र? दोन्हीकडे १०८० रेषांचंच, व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीही दोघांच्या त्याच. दोन्ही टीव्ही शेजारी ठेवले असते तर तुम्हाआम्हाला फरक सांगता आला नसता.

मग महागडी डिस्क जिंकली कशी?

गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर एचडी डीव्हीडी उजवी होती, असं माझं मत आहे. स्वस्त होती, आणि तिला प्रदेशाचं कुलूप नव्हतं.

हे प्रदेशाचं कुलूप काय, ते आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी नकळत अनुभवलेलं आहे. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडले. अमेरिका भाग १, युरोप आणि जपान भाग २, भारत भाग ५. अमेरिकेतल्या मामानं हौसेनं पाठवलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर 'चुकीचा प्रदेश' म्हणून थांबायची ती यामुळे. डिस्क विकत घेतलेली, प्लेअर विकत घेतलेला, चोरी कुठंच नाही, तरी चालणार नाही. ब्लू-रेनंही जगाचे तीन भाग केले: अ, ब आणि क. भारत 'क' मध्ये, अमेरिका 'अ' मध्ये.

सिनेमा कंपन्यांना नेमकं हेच आवडलं. नक्कल रोखणारं एक कुलूप दोन्ही डिस्कना होतं, पण ब्लू-रेला त्यावर आणखी एक होतं. ज्याचा माल आहे तो नेहमी जास्त कुलपांचं कपाट निवडतो. फॉक्स, डिस्ने आणि अर्थात सोनी ब्लू-रेकडे गेले. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे राहिली, २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंटही तिकडे गेली.

दुसरं कारण खेळण्याचं. सोनीनं नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आणलं आणि त्यात ब्लू-रे प्लेअर आतच बसवला. पोरांनी गेम खेळायला यंत्र घेतलं, घरात ब्लू-रे आपोआप आली. मायक्रोसॉफ्ट एचडी डीव्हीडीच्या बाजूनं होती, पण तिच्या एक्सबॉक्सला एचडी डीव्हीडी हवी तर वेगळा ड्राइव्ह विकत घ्यावा लागे.

शेवट झटक्यात झाला. दोन्हीकडे सिनेमे देणाऱ्या वॉर्नरनं ४ जानेवारी २००८ ला सांगितलं की यापुढं फक्त ब्लू-रे. पुढच्या काही आठवड्यांत नेटफ्लिक्स (तेव्हा ती डिस्क भाड्यानं द्यायची) आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट या दुकानांनी एचडी डीव्हीडी सोडली. १९ फेब्रुवारीला तोशिबानं हार मानली. दीड महिना. ज्यांनी शेकडो डॉलर मोजून प्लेअर आणि डिस्क घेतल्या होत्या त्यांच्या हातात एक मेलेला फॉरमॅट राहिला. तोशिबानं पुढच्या वर्षी स्वतःच ब्लू-रे प्लेअर काढायला सुरुवात केली, हा त्यातला खारट भाग.

आणि ती कुलपं? ती टिकली नाहीत. दोन्ही डिस्कच्या समाईक कुलपाची एक किल्ली, म्हणजे बत्तीस अक्षर-आकड्यांची एक ओळ, २००७ च्या वसंतात इंटरनेटवर पसरली. वकिलांनी नोटिसा पाठवून ती काढायला लावली, तेव्हा लोकांनी चिडून ती आणखी हजार ठिकाणी लिहिली, टी-शर्टवर छापली. ज्याला नक्कल करायची त्यानं केली. मामाची डिस्क मात्र अडलेलीच राहिली.

हे सगळं अमेरिकेतलं. सोलापुरात काय?

सोलापुरात ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी झालंच नाही. आपलं भांडण व्हीसीडी आणि डीव्हीडीचं होतं.

व्हीसीडी १९९३ ची. साध्या सीडीवरच व्हिडिओ, चित्र व्हीएचएसच्या तोडीचं, एका डिस्कवर ७४ मिनिटं. हिंदी सिनेमाला दोन, कधी तीन डिस्क लागत. पण तिला प्रदेशाचं कुलूप नव्हतं, प्लेअर स्वस्त होते, म्हणून आशियाभर ती चालली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. एवढ्या पैशात खरी डिस्क मिळते म्हटल्यावर फुटपाथवरच्या नकली डिस्कचं गणित बिघडलं. शहराच्या पूर्व भागात तेलुगू सिनेमांच्या डिस्क, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी शहरात मराठी-हिंदी. सोलापूरच्या घरातला डिस्कचा ढीग पाहिला तरी कोण कुठून येऊन इथं वसलं ते कळावं.

रेकॉर्ड करायच्या डीव्हीडीत आणखी एक बारकं भांडण होतं, 'डीव्हीडी मायनस आर' आणि 'डीव्हीडी प्लस आर' यांचं. ते कोणी जिंकलं नाही. ड्राइव्ह बनवणाऱ्यांनी कंटाळून दोन्ही वाचणारे ड्राइव्ह काढले आणि विषय मिटला. मात्र काही जुने टीव्हीखालचे प्लेअर यांतली एकच जात नीट वाचतात. तुमची गॅदरिंगची डिस्क शेजाऱ्याकडे चालते आणि तुमच्याकडे नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

ब्लू-रे आपल्या घराघरात पोचायच्या आधीच सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि डिस्क विकत घ्यायचं कारणच गेलं. रेकॉर्ड करायच्या डिस्कच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात, म्हणजे मोडीत निघाली.

तरी शाळा डिस्क का देते?

आता गेटवर येऊ.

शाळांमधले नियम अलीकडे कडक झाले त्याला कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं त्याच महिन्यात शासन निर्णय काढला: शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, मुलांच्या सुरक्षेकडे पाहणारी सखी सावित्री समिती चालू ठेवावी. खासगी शाळांनी कॅमेरे न बसवल्यास अनुदान थांबवण्यापर्यंत किंवा मान्यता काढण्यापर्यंत इशारा होता. सीबीएसईनं जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे आणि किमान १५ दिवसांचं फुटेज बंधनकारक केलं. स्वच्छतागृहं त्यातून वगळली आहेत.

याच्या जोडीला शाळा आपापले नियम करतात. ओळखपत्राशिवाय आत नाही, मुलांना मोबाइल नाही, कॉम्प्युटर लॅबमध्ये पेन ड्राइव्ह नाही, गॅदरिंगला पालकांचं चित्रीकरण नाही. पेन ड्राइव्हला बंदी व्हायरसमुळे आणि मुलं त्यातून काय आणतील या धास्तीमुळे. चित्रीकरणाला बंदी यासाठी की तुमच्या मुलीच्या नाचात शेजारच्या नऊ मुली असतात, आणि तो व्हिडिओ रात्री कोणाच्या इन्स्टाग्रामवर जाईल हे त्या नऊ जणींच्या आईबापांना कोणी विचारलेलं नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते असं म्हटलं आहे. तेव्हा मोबाइल खाली ठेवा म्हणणारे सर उगाच त्रास देत नाहीत.

पण मग व्हिडिओ द्यायचा कसा? पेन ड्राइव्हला मनाई, मोबाइलला मनाई, लिंक पाठवायची तर ती पुढं जाईल ही भीती. उरते डिस्क. फोटोग्राफरकडे डीव्हीडीचा जुना साचा तयार असतो: सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडतात, शाळेचं नाव गोल फिरत येतं, मग 'स्वागतगीत', 'लावणी', 'देशभक्तीपर', 'बक्षीस समारंभ' असे चौकोन. मोजून डिस्क द्यायच्या, यादीत सही घ्यायची. ऑफिसला हिशेब सोपा पडतो. म्हणून देतात.

'डिस्कची नक्कल होत नाही, म्हणून ती सुरक्षित'

हा युक्तिवाद मुख्याध्यापकांकडून हमखास येतो. अर्धा खरा आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचा मजकूर नंतर बदलता येत नाही. पुरावा म्हणून काही द्यायचं तर याला थोडी किंमत आहे, जरी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र आणि हॅश लागतोच. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला असा आकडा, की फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

नक्कल होत नाही हे मात्र खरं नाही. सिनेमाच्या डीव्हीडीला निदान कुलूप असतं, आणि तेही १९९९ मध्येच फुटलं. गॅदरिंगच्या डिस्कला कुलूपच नसतं. ड्राइव्ह असलेल्या कोणाही पालकाला दहा मिनिटांत ती कॉम्प्युटरवर उतरवता येते आणि अकराव्या मिनिटाला व्हॉट्सअॅपवर टाकता येते. नियम पाळून डिस्क घेतलेला आणि घरी ड्राइव्ह नसलेला माणूसच तेवढा कोरडा राहतो. प्रदेशाच्या कुलपाची हीच गत होती.

आणखी एक गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. तीनशे पालकांचे मोबाइल बंद केले, पण सगळ्या मुलींचे सगळे नाच, मेकअपच्या खोलीतल्या फोटोंसकट, फोटोग्राफरच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं पडून असतात. तो ते कधी पुसणार, कोणाला देणार नाही, हे लिहून घेतलं आहे का? बैठकीत हा प्रश्न विचारला की शांतता होते. गेट बंद आणि मागचा दरवाजा उघडा असं हे काम आहे.

'मग शाळेनं ब्लू-रेवर द्यावं'

नको. ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये चालत नाही, कारण त्यात निळा लेसरच नसतो. ब्लू-रे प्लेअरमध्ये मात्र दोन्ही लेसर असतात, म्हणून तो डीव्हीडी वाचतो. आणि मुळात तिचीही यंत्रं कमी होत चालली आहेत.

'सीसीटीव्हीत सगळं आलंच असेल, तेच मागू'

असा फोन शाळेत येतो म्हणे. ते फुटेज सुरक्षेसाठी असतं. ठरलेले दिवस झाले की त्यावर नवं फुटेज आपोआप चढतं, आणि त्यात इतरांची मुलं असल्यामुळे शाळेनं ते सहज देऊही नये. त्यात बऱ्याच रेकॉर्डरचा फॉरमॅट त्या त्या कंपनीचा असतो आणि तो पाहायला त्यांचंच सॉफ्टवेअर लागतं. म्हणजे पुन्हा तेच.

हातात असलेल्या डिस्कचं काय करायचं

आधी ती कॉम्प्युटरवर उघडून पाहा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. चार घरांत मिळून एक पुरतो, प्रत्येकानं घ्यायची गरज नाही. आत 'व्हिडिओ टीएस' (VIDEO_TS) नावाचा फोल्डर दिसला तर ती खरी व्हिडिओ डीव्हीडी आहे आणि टीव्हीखालच्या प्लेअरवर चालायला हवी. नुसत्या एमपी-फोर फाइल दिसल्या तर फोटोग्राफरनं डीव्हीडीचा उपयोग फक्त पेटीसारखा केला आहे. जुना प्लेअर त्या ओळखणार नाही. त्या सरळ कॉपी करून पेन ड्राइव्हनं टीव्हीला लावा, काम झालं.

व्हिडिओ डीव्हीडी असेल तर फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. व्हीएलसी हा मोफत प्लेअर तो दाखवतो, आणि हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरनं त्याची एमपी-फोर करता येते. तासाभराचा कार्यक्रम एक-दीड जीबीत आरामात बसतो.

डिस्क रिकामी दिसते पण जांभळ्या बाजूला लिहिल्याची कडा आहे, असं झालं तर बहुतेक फायनलाइज करायचं राहिलं आहे. म्हणजे लेखन संपल्याची शेवटची नोंद डिस्कवर झालेली नाही, म्हणून दुसरा प्लेअर तिला कोरी समजतो. ज्यानं लिहिली त्याच्याकडे परत न्या, हे त्याचं काम आहे.

पुसायची असेल तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा एकाच रेघेवर लांबवर पडतो आणि तिथला मजकूर सलग जातो. आडवा ओरखडा अनेक रेघा थोड्या थोड्या कापतो, तेवढी तूट प्लेअर भरून काढतो. सीडीच्या बाबतीत वरची, नाव लिहायची बाजू जास्त जपा. तिचा चकचकीत थर लेबलच्या लगेच खाली असतो आणि बॉलपेनच्या टोकानंही खरवडतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी सोशिक. तरीही नाव लिहायचं ते मार्करनं.

आणि पुढच्या गॅदरिंगचं म्हणाल, तर हे बोलायची वेळ पालक-शिक्षक संघाच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत असते, जेव्हा फोटोग्राफर ठरतो. डिस्कसोबत एमपी-फोर फाइल हवी, ती पासवर्ड असलेल्या लिंकवर महिनाभर ठेवावी, लिंक नोंदणीकृत पालकांनाच मिळावी, आणि महिन्यानंतर लिंकही जावी व फोटोग्राफरकडची मूळ प्रतही पुसली जावी, एवढं त्याच्या कोटेशनमध्ये लिहून घेता येतं. कार्यक्रम झाल्यावर मागायला गेलात तर तो लग्नसराईत अडकलेला असतो, आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर एव्हाना कुणाचा तरी साखरपुडा चढलेला असतो.